मी पायाळू असल्याचा पुरावा

रविवारच्या वर्गात मॅडमनी फळ्यावर एक ओळ लिहिली: ‘मला नक्की माहीत असलेली एक गोष्ट, आणि ती मला कशी माहीत आहे.’ यावर चार पानं लिहून आणायची होती.

वर्ग जुन्नरला भरतो. आम्ही दहा-बारा जण, सगळे बाहेरून पदवी करणारे. कुणी मेडिकलच्या दुकानात कामाला, कुणी पतपेढीत, एकीला दोन लेकरं. त्यात मी सहासष्ट वर्षांची. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून म्हणाल्या, “कुणाला भेटायचंय, आजी?” मी म्हटलं, “तुम्हालाच. फी भरलीय.” जुनी अकरावी झाली आणि माझं लग्न लागलं, वह्या पोटमाळ्यावर गेल्या, त्या पुढं उंदरांनी वाचल्या. विषय तत्त्वज्ञान घेतला, कारण फॉर्म भरताना नात म्हणाली, यात गणित नसतं. ते खरंच निघालं. पण यात उत्तरही नसतं, हे तिनं सांगितलं नाही.

चार पानं म्हणजे काय, चहा उकळेपर्यंत होतील, असं मला वाटलं. नक्की माहीत असलेली गोष्ट माझ्याकडे तयारच होती. वहीत पहिलं वाक्य लिहिलं: ‘मी पायाळू आहे.’

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं माणूस. आमच्याकडे कुणाची पाठ धरली, उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. तीनदा. त्याला मंत्र लागत नाही, बदल्यात काही घ्यायचं नसतं, फार तर चहा. पायाळू माणसाला धोका एकच, आभाळातली वीज म्हणे त्याच्यावर आधी पडते. सत्तेचाळीस वर्षं मी राजुरीच्या आसपासच्या निम्म्या पाठींना हा उजवा पाय लावत आले. सरपंच माझ्या पायाखालून गेलेत, त्यांचे विरोधकही. तेव्हा पहिलं वाक्य लिहिताना पेन अडखळायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या वाक्याला अडखळलं. ‘ती मला कशी माहीत आहे.’

पुस्तकात लिहिलंय की गोष्ट कळायच्या वाटा ठरलेल्या असतात. एक प्रत्यक्ष, म्हणजे आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. एक अनुमान, म्हणजे धूर दिसला की तिथं आग असणार. आणि एक शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसानं सांगितलेलं. मी पहिली वाट धरून पाहिली. माझ्या जन्माला मी हजर होते, यात वाद नाही. पण त्या वेळी माझं लक्ष नव्हतं.

मग उरला शब्द. आणि तो कुणाचा, हे आठवायला बसले तर मला माझीच जुनी मूर्ती दिसली. हातात पोह्यांचं ताट, तोंड उघडं.

एकोणीस वर्षांची होते मी. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या बाजूला. गोरी नाही, उंच नाही, आणि बोलायला लागले की थांबायचं माहीत नाही. तीन स्थळं पोहे खाऊन गेलेली, निरोप कुणाचाच नाही. चौथं हे राजुरीचं. होणाऱ्या सासूबाई एस.टी.तून उतरतानाच वाकड्या झाल्या, पाठ धरली. ओटीवर आल्या त्या खांबाला टेकून उभ्याच. बसता येईना. तोंडावर असा त्रास, की पोरगी बघायला आल्यात का पोराला परत न्यायला, कळेना. वडिलांनी ते पाहिलं. चौथं स्थळही हातचं चाललं हे त्यांना दिसलं असणार. ते एकदम म्हणाले, “काळजी करू नका, पावणं. आमची पोरगी पायाळू हाय. पाय लावंल, उसण पळंल.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता जरा अक्कल असलेल्या कुठल्याही मुलीला शंका आली असती. एकोणीस वर्षांत घरात एकदाही निघाली नाही ती गोष्ट पाहुण्यांसमोर कशी निघाली? आई वडिलांकडे बघत होती आणि वडील आढ्याकडे. पण ती ताट धरलेली शहाणी काय विचार करत होती? तिला वाटलं, अगं बाई, एवढी मोठी गोष्ट यांनी आपल्यापासून लपवून ठेवली! मग तिला सगळ्याचा उलगडा व्हायला लागला. आपल्याला गणित का येत नाही, गल्लीतलं कुत्रं आपल्यावरच का भुंकतं, मैत्रिणींपेक्षा आपल्याला झोप जास्त का लागते. पायाळू! पुराव्यांची रास लागली नुसती.

घोंगडी अंथरली, सासूबाई पालथ्या झोपल्या, मी साडी सावरून तीनदा पाय लावला. त्या उठल्या, कंबर इकडून तिकडं हलवून पाहिली आणि म्हणाल्या, “हलकं वाटलं गं.” मग बसून दोन बशा पोहे खाल्ले. स्थळ जमलं.

सासरी निघायच्या दिवशी मी आईला एकटीला गाठून विचारलं होतं, हे मात्र त्या मुलीच्या बाजूनं सांगायला हवं. म्हटलं, “आई, मी खरंच पायाळू हाय का गं?” आई माझी वेणी घालत होती. ती म्हणाली, “आता हायेस, बाई.” मला तो आशीर्वाद वाटला. त्यातला ‘आता’ मला ऐकू यायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

सासरी तर माझी ऐट विचारू नका. आल्या महिन्यातच बायका पाठ घेऊन यायला लागल्या. मग मी नियम काढले. नियमाशिवाय विद्या दिसत नाही, हे मला कुणी न शिकवता कळलं होतं. पाय लावून घेणाऱ्यानं आधी कुणाशी बोलायचं नाही. येताना मागं वळून बघायचं नाही. आणि बुधवारी पाय लागत नाही. बुधवारचं कारण एवढंच की त्या दिवशी माझी घोंगड्या-गोधड्या धुवायची पाळी असायची. पाच-सहा वर्षांनी ओतूरकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली आणि मलाच समजावून सांगायला लागली, “बुधवारी पायाळूचा पाय बाधतो बाई, आमच्या आज्जेसासूपास्नं चालत आलंय.” आणि मी मान डोलावली! तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या दिवसापासून मलाही बुधवारी पाय लावायची भीती वाटायला लागली. स्वतःच काढलेला नियम. आजही वाटते. पुस्तकात या वाटेचं नाव सापडलं नाही.

आणि वीज. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे कांदा काढून शेतात पडलेला असतो आणि दुपारनंतर अचानक आभाळ भरून येतं. मग घरातलं प्रत्येक माणूस ताडपत्री घेऊन रानात धावतं. मी सोडून. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहायच्या, “तू जायचं न्हाई. ईज तुझ्यावर पडंल, आन् तुझ्या बाजूला असंल त्याच्यावरबी पडंल.” मी खिडकीतून बघायची. माझी धाकटी जाऊ, वयानं सहा वर्षांनी लहान, अंगानं काडी, वाऱ्यात फडफडणारी आम्हा दोघींच्या वाट्याची ताडपत्री दोन्ही टोकांनी एकटी ओढत असायची. मला वाईट वाटायचं. पण बाहेर गेले नाही. चहा करून ठेवायची.

या जावेचीच पाठ गेल्या दिवाळीनंतर धरली.

आमचं दोघींचं अंगण एक आणि दारं दोन. टोमॅटोचं क्रेट उचलून टेम्पोत ठेवताना कळ आली म्हणाली. सवयीनं माझ्याकडे आली, मी सवयीनं पाय लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग दर दोन दिवसांनी. दोन आठवडे गेले, तीन गेले. भिंत धरून चालायला लागली, जेवताना बसणं जमेना. तिचा मुलगा पुण्याहून फोनवर ओरडायचा, आईला दवाखान्यात न्या म्हणून. ती म्हणायची, “घरात पायाळू असताना डाक्टर कशाला? आक्कांचा पाय लागला की दोन तास बरं वाटतंय मला.” आक्का म्हणजे मी.

वर्गात मी अनुमानाची वाट धरून पाहिली होती. मॅडमना म्हटलं, “इतक्या पाठी बऱ्या झाल्या, म्हणजे मी पायाळू असणारच की.”

मॅडम तीस-बत्तीसच्या असतील. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “आणि ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्या?”

“तशा कुणी नाहीतच. एकदा आलेली माणसं पुन्हा तक्रार घेऊन आली नाहीत.”

“बरी झाली म्हणून आली नाहीत, की बरी झाली नाहीत म्हणून आली नाहीत?”

मेडिकलवाला मुलगा मागून हळूच म्हणाला, “उसण तशीपण तीन-चार दिवसांत सुटते, आजी. आम्ही त्यावरच बाम विकतो.”

सगळे हसले, मीही हसले. पण येताना एस.टी.च्या खिडकीत बसले आणि डोळ्यांपुढे जाऊ आली, भिंत धरून चालणारी. बाकीच्या पाठी तीन दिवसांत सुटल्या असतील आपापल्या. हिची सुटत नाही. आणि ही माझ्या पायासाठी थांबून राहिलीय.

माझ्या जन्माच्या वेळी घरात असलेलं आता एकच माणूस उरलंय, माझी आत्या. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. आता ब्याऐंशीच्या पुढं. मी ठरवलं, तिला विचारायचं. आळेफाट्यावरून मंचर, मंचरवरून पारगाव. उसाचा हंगाम जोरात होता. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांच्या मागं एस.टी. रांगत होती आणि मी मनात प्रश्न घोळवत होते. खरं सांगायचं तर देवाला म्हणत होते, आत्याची आठवण गेलेली असू दे.

आत्या उन्हात बसून वाल सोलत होती. मी तिच्या पायाशी बसले. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “आत्या, मी जन्मले तवा तू तिथं व्हतीस ना?”

“व्हते की. पाणी तापवून देत व्हते दारातनं.”

“मग मी पायाळू जन्मले का गं?”

आत्यानं वालाची शेंग खाली ठेवली. मग ती अशी हसायला लागली की कवळी हातात आली.

“तू? तू डोक्यानंच आलीस गं, पोरी. आन् तवापास्नं आमचं डोकंच खातीस.”

“मग वडील पाव्हण्यांना तसं का म्हणाले?”

“तुझा बाप लई हुशार. चार पोरी उजवायच्या व्हत्या त्याला. त्या बाईची पाठ बघितली आन् त्याला सुचलं. रात्री तुझी आई त्याच्यावर तापली व्हती, पोरीला ईज लागंल म्हणून कायम घरात कोंडतील म्हणाली. तर तो म्हणतो, मग बरंच हाय की, पोरगी पावसात भिजायची न्हाई.”

माझ्या वडिलांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. हे त्यांचंच वाक्य. म्हणजे आत्याचं खरं. कोवळं ऊन होतं आणि माझा उजवा पाय माझ्यासमोर पसरलेला होता, टाचेला भेगा पडलेला, अगदी साधा पाय.

एवढ्यात आत्या माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “आन् तू कुणाची गं? मधलीची का?”

मी सांगितलं. तिनं मान हलवली. चहा झाल्यावर पुन्हा विचारलं, “तू कुणाची म्हनलीस?” निघताना पाया पडले तर तिनं मला माझ्या मेलेल्या धाकट्या बहिणीच्या नावानं आशीर्वाद दिला.

परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. भरवशाच्या माणसाचा शब्द म्हणतात पुस्तकात. ज्या बाईला मी कोण हे तासात तीनदा आठवत नाही, तिला मी कशी बाहेर आले हे आठवतंय. आणि ते हसणं तर खोटं नव्हतं. पण पायानं आलेली दुसरीच कुणी असेल आणि ती माझ्यात मिसळत असेल तर? की मला तसं वाटून घ्यायचंय? सत्तेचाळीस वर्षांचा मान असा वालाच्या शेंगांबरोबर सोलून टाकायचा? आळेफाट्याला उतरेपर्यंत मी तीनदा पायाळू झाले आणि चारदा नाही.

एक गोष्ट मात्र मला कळत होती. मी पायाळू असो-नसो, जावेच्या पाठीचा फोटो काढला पाहिजे. ती माझ्या पायावर विसंबून बसलीय. तेव्हा आधी तिला खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी सगळं सांगितलं, सासूबाई, पोहे, वडील, आत्या. बुधवारसुद्धा सांगितला. वाटलं, आता ही उठून मला बोलेल. बोलायचा हक्क होता तिचा.

ती म्हणाली, “आत्याबाईंना काय कळतंय आता? मागल्या लग्नात मला त्यांनी तुमची सून म्हनलं.”

“अगं, पण वडिलांनी बनवून सांगितलं होतं.”

“तुमाला काय ठाव? तुमच्या बापानं एकदा सांगितलं तर तुमी पायाळू. आत्यानं एकदा सांगितलं तर तुमी न्हाई. तुमचं तुमाला काय ठाव हाय का, आक्का?”

मॅडमनी नाही, मेडिकलवाल्यानं नाही, चौथी शिकलेल्या माझ्या जावेनं मला भिंतीला टेकवलं. मी म्हटलं, “बरं, ते राहू दे. पण तू दवाखान्यात चल. माझ्या पायात काही नाही.”

तेव्हा ती वळली. वळताना तोंड कळवळलं. आणि जे म्हणाली ते मी वहीत उतरवून ठेवलंय.

“असं म्हणू नका, आक्का. तुमी पायाळूच हायत. नसता तर इतकी वर्षं ती ताडपत्री मी एकटीनं कशापायी वढली असती?”

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे मागत होती काहीतरी. मी नाही म्हटलं तर तिचे ते सगळे वादळातले उन्हाळे फुकट जाणार होते. आणि ते ओझं जिनं ओढलं ती पाठ ही अशी समोर पडलेली.

खरं सांगून ती दवाखान्यात येणार नव्हती. हे मी तिच्या दारात उभी राहून नीट पाहिलं. मग मी काय केलं? सांगायला लाज वाटते आणि हसूही येतं. मी पदर खोचला आणि त्या एकोणीस वर्षांच्या ऐटबाज पोरीला आतून बाहेर बोलावलं. तिचा आवाज काढला.

“बरं. मग पायाळू म्हणून सांगते. ऐकणार?”

“सांगा की.”

“परवा तुला पाय लावला तेव्हा माझा पाय गार पडला. घोट्यापर्यंत. असं होतं तेव्हा ते दुखणं पायाचं नसतं, हाडाचं असतं. पायाळूनं अशा पाठीला पाय लावला तर दोघींना बाधतं.”

कुठून आलं हे सगळं, मला माहीत नाही. घोट्यापर्यंत तर फारच सुरेख. जाऊ लगेच उठून बसायला लागली. “मग परवाच का न्हाई सांगितलं, आक्का? तुमाला काय झालं असतं म्हंजे?” तिनं मुलाला फोन लावला, गाडी सांगितली. दुपारी आम्ही आळेफाट्याच्या दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मणका दबला होता. हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणाले, पट्टा बांधायचा, तीन महिने वजन उचलायचं नाही, गोळ्या चालू ठेवायच्या. आणखी दोन-तीन आठवडे असंच चाललं असतं तर पायाच्या नसेवर दाब आला असता, चालणं अवघड झालं असतं.

मी विचारलं, “डॉक्टर, पाठीवर पाय दिल्यानं मणका दबतो का?”

“कुणी दिला पाय?”

जाऊ अभिमानानं म्हणाली, “ह्यांनी. ह्या पायाळू हायत. ह्यांनीच वळखलं हाडाचं म्हणून.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यापुढं टेबलावर काच होती, मी काचेकडे पाहिलं.

“जोरात दिला होता?”

“नाही. पण दिला होता. सात-आठ वेळा.”

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “क्रेट उचलतानाच दबला असेल. आधीपासून थोडा असेल. पायानं वाढला असेल किंवा नसेल. फोटोत ते दिसत नाही.” मग म्हणाले, “यापुढे देऊ नका.”

फोटो काढणारे गृहस्थ पन्नाशीचे, आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. हळूच मला म्हणाले, “आजी, खरंच पायाळू का? माझी कंबर दोन दिवस झाले...” मी म्हटलं, “आत मशीन तुमचीच आहे ना?” ते म्हणाले, “मशीन हाय, पण मशीननं बरं कुठं वाटतंय?”

चार पानांची सहा झाली. मी सगळं लिहिलं. खरं सांगितलं तेव्हा तिनं ऐकलं नाही, खोटं सांगितलं तेव्हा ऐकलं, आणि खोट्यानं तिची पाठ वाचली. पण त्या खोट्याचंच मोठं भावंड इतकी वर्षं तिच्या पाठीवर बसलं होतं, आणि मणका त्यानंच दबला की नाही हे फोटोतही दिसत नाही. मग मी बरं केलं का वाईट? मला काय माहीत आहे आणि काय नाही? मॅडमनी वही परत दिली, तिच्यावर लाल शाईत: ‘उदाहरण चांगले. निष्कर्ष दिसत नाही.’ मी म्हटलं, “मॅडम, मलाही दिसत नाही. तुम्हाला दिसला तर सांगा.” त्या हसल्या नाहीत. वही पुन्हा मागून घेतली आणि म्हणाल्या, “आठवडाभर ठेवू का?” अजून त्यांच्याकडेच आहे.

आता जावेच्या घरचं पाणी, भाकरी, कपडे मी करते. कांद्याची लागण झाली तेव्हा तिच्या वाटणीच्या वाफ्यातही मीच बसले. त्या ताडपत्रीची भरपाई म्हणून करते असं सरळ म्हटलं असतं तर ती लाजली असती, म्हणून म्हणाले, पायाळूच्या हातची रोपं चांगली धरतात. हाही नवीन नियम. पुढच्या वर्षी कुणीतरी येऊन तो मलाच सांगेल.

परवा दुपारी ती दाराशी बाजेवर कुशीवर पडली होती, पट्टा काढून ठेवलेला. मी तेलाची वाटी ठेवायला गेले, तर म्हणाली, “आक्का, आज बुधवार न्हाई ना?”

“गुरुवार आहे. का?”

“नुसता टेकवा. दाबू नका. फक्त लागू द्या.”

“डॉक्टर नको म्हणालेत.”

“डाक्टर देऊ नका म्हनले. टेकवू नका असं न्हाई म्हनले.”

“आणि तुला सांगितलंय मी, त्यात काही नाही.”

“न्हाई तर न्हाई. मग टेकवायला तुमचं काय जातंय?”

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात याला उत्तर असेल तर ते मी अजून वाचलेलं नाही. मी चप्पल काढली, एका हातानं भिंत धरली, साडी वर खोचली आणि उजवा पाय उचलला. सहासष्टाव्या वर्षी एका पायावर उभं राहणं ही साधी गोष्ट नाही. पाय तिच्या पाठीजवळ नेला आणि मध्येच थांबले. डॉक्टर आठवले, फोटो आठवला, खिडकीतून दिसणारी ताडपत्री आठवली. पाय वीतभर लांब, हवेतच.

जावेनं डोळे मिटले होते. ती सुस्कारा टाकून म्हणाली, “हां. तिथंच. बरं वाटलं.”

या वेळी मी खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. म्हटलं, “अगं, अजून लागलेला नाही.”

“लागला का न्हाई ते मला कळंल का तुमाला?” ती डोळे न उघडता म्हणाली. “पाठ कुणाची हाय, आक्का? गप हुबं ऱ्हावा जरा.”

मी गप्प उभी राहिले, भिंत धरून, एका पायावर. दुसरा कुठं ठेवावा हे कळेपर्यंत.